फळ्यापुढे उभं राहण्याआधी

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायचं तर आधी दोन वर्षांची डी.एल.एड. करावी लागते, वर टीईटी पास व्हावी लागते. नववी-दहावीला शिकवायला बी.एड. लागतं. २०१५ पासून तेही दोन वर्षांचं झालं आणि त्यातले २० आठवडे प्रत्यक्ष शाळांमध्ये काढावे लागतात. त्याच गावातल्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पोरांना शिकवायला मात्र शिकवण्याचं कसलंही शिक्षण लागत नाही. एम.एस्सी. झालेलं असावं आणि जोडीला नेट, सेट किंवा पीएच.डी. असावी, एवढं पुरतं. सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावरचे प्रश्न असतात, पण तो पेपर म्हणजे १०० गुणांचे ५० बहुपर्यायी प्रश्न. फळ्यापुढे एकदाही उभं न राहता माणूस तो पास होतो आणि पुढच्या जूनमध्ये साठ पोरांच्या वर्गात शिरतो.

नोकरी लागल्यावर प्रशिक्षण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८७ पासून त्यासाठी अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली, पुढे त्यांची नावं बदलत गेली. पण ते प्रशिक्षण नेमणुकीनंतरचं, पदोन्नतीला जोडलेलं. त्याआधीची वर्षं कशी जातात, हे अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत पाहावं. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचा त्याचा पसारा. इथल्या कितीतरी वर्गांची भिस्त तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे आणि त्यांतले बरेच जण स्वतः अजून पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत. सकाळी अकोल्याला तास, दुपारी गाडी धरून अमरावतीला गाइडकडे. त्यांना शिकवायला कोण शिकवतं? बहुतेक वेळा त्यांच्यासारखाच एखादा, एक-दोन सत्रं पुढे असलेला.

एकमेकांकडून शिकवणं शिकण्याच्या या गोष्टीला विद्यापीठानं उघडपणे जागा द्यावी, असं मला मनापासून वाटतं. पण विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. म्हणून दोघांना समोरासमोर बसवलं आहे. एक सर, अकोल्यात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दुसरी ताई, अमरावतीला त्याच विषयात पीएच.डी. करणारी आणि अकोल्यात तासिका तत्त्वावर शिकवणारी. संवाद मी रचलेला आहे, त्यातली मतं मात्र स्टाफरूममध्ये रोज ऐकू येणारी आहेत.

सर: पीएच.डी.ची चार पोरं एकमेकांच्या तासाला बसणार, वहीत टिपून घेणार आणि मग एकमेकांना सांगणार की इथं घाई केली, तिथं चुकलं. बेटा, ज्याला स्वतःलाच अजून शिकवता येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार?

ताई: सर, शिकवता येणं निराळं आणि वर्गात काय चाललंय ते दिसणं निराळं. मागच्या बाकावर बसलेल्याला जे दिसतं, ते शिकवणाऱ्याला फळ्यापाशी उभं राहून दिसत नाही.

सर: काय दिसतं असं?

ताई: माझंच सांगते. पहिल्या वर्षाला रासायनिक समतोल घेत होते. नायट्रोजन डायऑक्साइडचं उदाहरण दिलं. बंद नळीत तपकिरी वायू असतो, त्यातला काही जोडीजोडीनं जुळून रंगहीन होतो, काही परत सुटा होतो आणि थोड्या वेळानं नळीचा रंग बदलायचा थांबतो. समीकरण लिहिलं, दोन बाण काढले, समतोल स्थिरांकाचं सूत्र मांडलं. विचारलं, समजलं का? सगळे म्हणाले, हो. मी पुढे गेले. माझ्या विभागातला एक जण त्या दिवशी मागे बसला होता. तास सुटल्यावर त्यानं शेजारच्या पोट्ट्याला सहज विचारलं, रंग स्थिर झाला म्हणजे नळीत काय झालं? तो म्हणाला, "रिॲक्शन थांबली. दोन्हीकडं सारखं सारखं झालं नं." मग मॅडमला काहून नाही विचारलं? तर म्हणे, "मॅडम लय जोरात चालून राह्यल्या होत्या."

सर: म्हणजे दोन्ही गोष्टी चूक. क्रिया थांबत नाही आणि प्रमाणही सारखं होत नाही. दोन्ही दिशांचा वेग सारखा होतो.

ताई: हो, आणि सूत्र तर त्याच्या वहीत अगदी बरोबर उतरवलेलं होतं. पेपरात त्यानं पैकीच्या पैकी मिळवले असते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तो तास पुन्हा रचला. वर्गाच्या डाव्या बाजूला तीस पोरं, उजव्या बाजूला दहा. दर मिनिटाला डावीकडचे तिघं उजवीकडे जाणार आणि उजवीकडचे तिघं डावीकडे येणार. पाच मिनिटांनी मोजलं, तर तीस आणि दहाच. माणसं बदलली, आकडे तेच. मग विचारलं, हालचाल थांबली का? दोन्हीकडं सारखे झाले का? यावेळी कुणी नुसतं हो म्हटलं नाही. वाद घातला.

सर: चांगलं केलंस. पण मी मागे बसलो असतो तर मीही हे सांगितलं असतं. कदाचित तासातच सांगितलं असतं.

ताई: तुम्ही बसला असता तर मी तुमच्यासाठी शिकवलं असतं, सर, पोरांसाठी नाही. आणि त्या पोट्ट्यानं तुमच्यापुढे तोंड उघडलं नसतं. शिवाय दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे मला प्रगती मांडावी लागते आणि तिथं तुमच्यासारखेच कुणी बसलेले असतात. ज्यांच्या हातात माझं पुढचं आहे, त्यांच्यासमोर मी अडखळणार नाही, झाकूनच ठेवणार. माझ्यासारखाच जो अडखळतोय, त्याला मी वही उघडून दाखवते.

ताईचा हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. तपासणारा आणि मदत करणारा एकच माणूस असला की शिकणारा स्वतःच्या चुका लपवायला शिकतो. बी.एड.च्या वर्गात ही गोष्ट फार आधी कळली आहे. तिथल्या सूक्ष्म अध्यापनात सहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटांत पाठ नव्यानं बांधायचा, मग पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं आणि पुन्हा सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. एकूण ३६ मिनिटं. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली आणि तिचा भारतीय साचा पुढे बडोद्याच्या शिक्षणशास्त्र विभागात घडला. त्या पाठात विद्यार्थी म्हणून बाकावर बसतात ते सहाध्यायीच. प्रश्न विचारण्याचं कौशल्य, फलकलेखन, चेतक बदल, सगळं एकमेकांसमोर घोटून घेतलं जातं. अमरावतीतल्या बी.एड. महाविद्यालयात हे वर्षानुवर्षं चालतं. तिथून दोन किलोमीटरवरच्या विज्ञान महाविद्यालयातल्या नव्या शिक्षकाला मात्र त्याचा पत्ताही नसतो.

सर: आमच्या वेळी असं काही नव्हतं. आम्हाला सरळ विहिरीत ढकललं, हातपाय मारले आणि पोहायला शिकलो.

ताई: सर, गावात पोराला पोहायला शिकवतात तेव्हा पाठीला कोरडा भोपळा बांधतात आणि काठावर कुणीतरी उभं असतं. तुम्हाला खरंच एकदम वर्गात लोटलं होतं? पहिली नेमणूक लेक्चरर म्हणूनच झाली होती?

सर: नाही. दोन वर्षं मी डेमॉन्स्ट्रेटर होतो.

ताई: म्हणजे काय करायचे तुम्ही?

सर: प्रॅक्टिकल घ्यायचो. बॅचमागे वीस पोरं. ब्युरेट कशी धरायची, मापांक डोळ्याच्या रेषेत कसा वाचायचा, टायट्रेशन कुठं थांबवायचं. आम्ही तिघं डेमॉन्स्ट्रेटर होतो. दुपारी प्रयोगशाळेत चहा व्हायचा, तेव्हा बोलणं याच गोष्टींचं. अमुक बॅचला अंतिम बिंदू ओळखता येत नाही, सगळे गुलाबी गडद होईपर्यंत थेंब टाकतात. तर दुसरा सांगायचा, मागे पांढरा कागद धर आणि आधी रंग पुढे गेलेलाच फ्लास्क दाखव, म्हणजे कुठं थांबायचं होतं ते त्यांना कळतं. मोठ्या सरांच्या लेक्चरलाही मागे बसायचो, कारण त्यांनी थिअरीत जे घेतलं तेच मला प्रॅक्टिकलला उचलायचं असे.

ताई: सर, मी हेच मागते आहे. तुमच्याकडे ती पायरी होती. पुढे डेमॉन्स्ट्रेटरचं पद बंद झालं आणि त्या पायरीवर आम्हाला कुणी उभंच केलं नाही. प्रयोगशाळेतल्या चहाच्या वेळी तुम्ही तिघं एकमेकांना जे सांगत होता, ते आता वेळापत्रकात मांडून घ्यावं लागेल. कारण आमच्यातला एक अकोल्याला असतो, एक मूर्तिजापूरला, एक दर्यापूरला. चहा एकत्र होतच नाही.

इथे सर बराच वेळ काही बोलत नाहीत. त्यांच्या पिढीला जे आपोआप मिळालं, ते शिक्षण होतं हे त्या पिढीच्या ध्यानात राहिलेलं नाही. गोष्ट अनुभवानं आली असं ते म्हणतात, पण त्या अनुभवाला शेजारी दोन माणसं होती. पद रद्द करताना शासनानं पगाराचा आणि दर्जाचा हिशेब केला, त्या पदावर माणूस काय शिकत होता याचा केला नाही.

सर: ठीक आहे. पण तुम्ही पोरं पद्धतीच्या मागे लागता आणि विषय मागे पडतो. आधी विषय आला पाहिजे. ज्याला ऊष्मागतिकी कळली नाही, त्यानं कितीही छान फलकलेखन केलं तरी काय उपयोग?

ताई: काहीच नाही. म्हणून विषयासाठी आम्ही तुमच्याकडे येतो आणि येणार. माझा सोबती मला विषय शिकवत नाही. मी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबते, एवढं तो पाहतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतो आणि उत्तर आलं नाही की स्वतःच बोलायला लागतो, असं त्यांना दिसलं. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, "माहीत नाही" म्हणणारे कमी होतात. मी किती थांबते ते मला कळत नव्हतं. मला वाटायचं, भरपूर थांबते. सोबत्यानं घड्याळ लावलं तेव्हा कळलं.

सर: आणि भाषेचं काय? तुमच्यातल्या एकाच्या तासाला बाहेरून जाताना मी ऐकलं. बी.एस्सी.चा वर्ग आणि हा गडी वऱ्हाडीत बोलून राह्यला. पेपर इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत. त्या पोरांचं नुकसान आहे हे.

ताई: तो इंग्रजी संज्ञा टाळत होता का?

सर: नाही, संज्ञा इंग्रजीच होत्या. समजावणं वऱ्हाडीत.

ताई: मग तो बरोबर करत होता, सर. आमच्या वर्गात निम्मी पोरं बारावीपर्यंत शिक्षकाच्या तोंडून मराठीच ऐकत आलेली असतात. इंग्रजीत प्रश्न विचारला की ती प्रश्नाचा अर्थ लावत बसतात, उत्तराचा विचार सुरूच होत नाही. आणि आपलं विद्यापीठ कुणाच्या नावाचं आहे? गाडगेबाबांचं कीर्तन काय होतं? बाबा प्रश्न टाकायचे, समोरची माणसं उत्तर द्यायची, त्या उत्तरातूनच बाबा पुढचा प्रश्न काढायचे. सगळं वऱ्हाडी बोलीत. हजारो माणसं बसलेली, पण ऐकणारा प्रत्येक जण उत्तर देत असायचा. बाबांनी कुणाला शिष्य केलं नाही, स्वतःला कुणाचा गुरू म्हणवून घेतलं नाही. आमच्या गटाला यापेक्षा वेगळं काय हवं आहे?

सर: कीर्तन आणि भौतिक रसायनशास्त्र यांत फरक आहे.

ताई: विषयात आहे. समोरचा माणूस विचार करतोय की नुसती मान हलवतोय, हे ओळखण्यात नाही. हार्वर्डला एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. १९९१ पासून ते वर्गात प्रश्न टाकतात, प्रत्येकानं आपलं उत्तर ठरवायचं आणि शेजाऱ्याला पटवून द्यायचं. नुकतंच कळलेल्या पोराला आपण कुठं अडखळलो होतो ते आठवतं, म्हणून तो शेजाऱ्याला नेमक्या जागी हात देतो. प्राध्यापक तीस वर्षांपूर्वी अडखळलेले असतात, ते विसरतात. शिकवणं शिकण्यालाही हेच लागू आहे. पहिल्या तासाला हात कसे थरथरतात, हे मला कालच्याच एखाद्यानं सांगावं.

भाषेच्या प्रश्नात मी ताईच्या बाजूनं आहे, पण सरांची काळजी खोटी नाही. बोलीत समजावून इंग्रजी वाक्यापर्यंत परत आणायचं, हे दुसरं पाऊल बरेच तरुण शिक्षक विसरतात. पोराला कळतं, पण लिहिता येत नाही. मागे बसलेल्या सोबत्यानं हेही टिपलं पाहिजे.

अकोल्यातल्या कृषी विद्यापीठात या सगळ्याचा एक जवळचा नमुना आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला स्थापन झालं. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची पोरं ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी (इंग्रजी आद्याक्षरांनी 'रावे') गावांत जातात, गावात त्यांना 'रावेची पोरं' म्हणतात. ती गटानं जातात आणि शेतकऱ्यांसमोर प्रात्यक्षिकं करतात. बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक डोळ्यांसमोर आणा. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, पाणी शंभर लिटर. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवायचं आणि तिसऱ्या भांड्यात एकत्र करायचं. भांडी प्लॅस्टिकची घ्यायची, लोखंडी नाही. मिश्रण नीट जमलं का हे पाहायला त्यात लोखंडी खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. प्रात्यक्षिक करणारा पोरगा घाईत खिळा बुडवून लगेच बाहेर काढतो आणि "बघा, झालं" म्हणतो. मागे उभ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला काही दिसलेलंच नसतं. गटातला दुसरा पोरगा हे पाहतो, खिळा हातात घेऊन शेतकऱ्यांमधून फिरवतो आणि पुढच्या गावात आधी कमी चुन्याचं मिश्रण करून तांबूस खिळा दाखवायचा असं ठरवतो. सरांच्या प्रयोगशाळेतल्या रंग पुढे गेलेल्या फ्लास्कची हीच युक्ती. कुणी प्राध्यापकानं ती शिकवलेली नसते, गटात ती सापडते.

शेती शिकणाऱ्याला शिकवणंही आलं पाहिजे, हे कृषी विद्यापीठानं गृहीत धरलं आहे, कारण शेतकरी पेपर लिहीत नाही, तो तोंडावर प्रश्न विचारतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमात तिथं सेमिनारलाही श्रेयांक आहेत. बाकीच्या विद्यापीठांनी एवढंसुद्धा गांभीर्यानं घेतलेलं दिसत नाही. सेमिनार होतात, टाळ्या वाजतात, कसं बोललास हे कुणी सांगत नाही.

सर: आता खरी गोष्ट बोलतो. मला तुमच्या पद्धतीची भीती नाही, तिचा वापर कोण करेल याची भीती आहे. जागा रिकाम्या आहेत. निवृत्त झालेल्या माणसाच्या जागी माणूस येत नाही. उद्या कुणी म्हणेल, पीएच.डी.ची पोरं आहेत ना, एकमेकांना तयार करतात, वर्गही सांभाळतात, मग भरती कशाला? तुम्ही चांगलं काम कराल आणि त्याचंच निमित्त करून तुमची जागा मारतील.

ताई: ही भीती मलाही आहे. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत लिहिलं आहे की विषय कोणताही असो, संशोधकानं आपल्या विषयाशी संबंधित अध्यापनाचं, शिक्षणशास्त्राचं, लेखनाचं प्रशिक्षण घ्यायचं. आठवड्याला चार ते सहा तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन अशी कामं देता येतात. नियम चांगला आहे. पण यातलं चार ते सहा तास काम घेणं सोपं आहे आणि प्रशिक्षण देणं अवघड. विभागात माणसंच कमी असली की पहिलं होतं, दुसरं राहतं.

सर: मग सह्या करून मोकळे होतील. प्रशिक्षण झाले, असा शिक्का.

ताई: म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. तासाला बसायच्या आधी शिकवणारा सांगतो, आज माझ्यात काय पाहायचं. मागे बसणारा मत लिहीत नाही, घडलं ते लिहितो. "प्रश्न अकरा विचारले, नऊ तुम्हीच सोडवले, मुलींच्या रांगेकडे एकदाही पाहिलं नाही," असं. तास झाल्यावर आधी शिकवणारा बोलतो, मग दुसरा. तो कागद शिकवणाऱ्याच्या हातात जातो, विभागप्रमुखांच्या फायलीत जात नाही. आणि रजेवर गेलेल्या कुणाचा तास आम्ही या नावाखाली घ्यायचा नाही.

सर: तुमच्यात स्पर्धा नाही? उद्या एक जागा निघाली की पाच जण अर्ज करणार, त्यातले तीन तुमच्याच गटातले. आज ज्याला तू सुधारलंस, तोच उद्या मुलाखतीत तुझ्या पुढे बसेल.

ताई: बसेल. माझ्याकडे याला उत्तर नाही, सर. एक मैत्रीण या कारणानंच गटात आली नाही, आणि मी तिला दोष देत नाही. तासिका तत्त्वावर मानधन तासावर मोजतात, उन्हाळ्यात हातात काही पडत नाही. अशा माणसाला तू आपला वेळ फुकट दुसऱ्याला दे असं कसं म्हणायचं? पण एक दिसतं. जे गटात आहेत, ते पोरांविषयी बोलायला लागले आहेत. आधी आम्ही फक्त जाहिरातीविषयी बोलायचो.

ताईनं उत्तर नाही म्हटलं, ते बरं केलं. हा प्रश्न संशोधकांच्या चांगुलपणानं सुटणारा नाहीच. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९६२ पासून अध्यापनासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिथं निवडक पीएच.डी. विद्यार्थ्यांना इतरांचे तास पाहून मार्गदर्शन करण्याची तयारी दिली जाते. ते काम पदाच्या नावानिशी आणि मोबदल्यानिशी होतं, आणि त्यात झालेलं बोलणं कुणाच्या मूल्यमापनात जात नाही. पैसा त्यांच्याकडे जास्त आहे हे उघड आहे. पण त्यातल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. कामाला नाव देणं आणि झालेलं बोलणं गुप्त ठेवणं.

सर: समज मी तुमच्या गटाला यायचं ठरवलं. मी काय करायचं?

ताई: तपासायला येऊ नका. एक तास तुम्ही घ्या, आम्ही मागे बसतो. आणि नंतर तुम्हीच सांगा, तुम्हाला कुठं अडलं.

सर: मला अजून अंतिम बिंदूपाशीच अडतं. पोरांना थांबायचं कुठं ते शिकवणं.

ताई: मग तेवढंच घ्या. ब्युरेट आम्ही लावून ठेवतो.

दोघांचं सगळं जुळलेलं नाही, जुळायची गरजही नाही. सरांची धास्ती मला ताईच्या उत्साहाइतकीच मोलाची वाटते. माझा कौल मात्र ताईला आहे. महाविद्यालयात पहिल्यांदा शिकवणाऱ्याला एकटं वर्गात पाठवणं हा त्याच्यावर आणि त्याहून जास्त समोरच्या साठ पोरांवर अन्याय आहे. ती पोरं बहुतेक वेळा घरातली पहिलीच पदवीधर होणार असतात. घरी समजावणारं कुणी नसतं, शिकवणी परवडत नाही. नवा शिक्षक शिकेपर्यंतचे दोन-तीन वर्षांचे वर्ग आपण नकळत त्यांच्या नावे खर्ची टाकतो. १९३२ मध्ये पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती याच घरांतल्या पोरांसाठी. त्यांना कॉलेजचा दरवाजा उघडून दिला, आता आत बसल्यावर त्यांना नीट समजलं पाहिजे.

विद्यापीठानं २०२२ च्या नियमातलं प्रशिक्षण कागदावर न ठेवता या गटांना मान्यता द्यावी. एकमेकांच्या तासाला बसण्याचा वेळ त्याच चार ते सहा तासांत धरावा आणि मागे बसणाऱ्या संशोधकाला त्याचं प्रमाणपत्र व मानधन द्यावं. विभागप्रमुखांना विनंती आहे, येत्या जूनचं वेळापत्रक लावताना त्यात आठवड्याचा एक तास या कामासाठी राखा, आणि तो तास कुठल्याही रिकाम्या जागेच्या कार्यभारात धरू नका. जागा भरायच्या आहेत त्या भराव्याच लागतील.